भिंत, वीट आणि तिसरं बटण

'सर, यंदा म्युझिकवर काहीतरी लिहा ना, दरवर्षी तुमचं ते ऊर्जाबचतीवर असतं,' असं मॅगझिनच्या पोरांनी केबिनमध्ये येऊन तोंडावर सांगितलं. आधी राग आला. मग मनातल्या मनात कबूल केलं, की माझे ते लेख मलाही दुसऱ्यांदा वाचवत नाहीत. म्हणून यंदा गाण्यांवर. पण मित्रांनो, शेवटपर्यंत गाण्यांवरच राहीन अशी हमी देत नाही.

मी याच हॉस्टेलमध्ये २००१ ते २००५ राहिलो. तेव्हा प्रत्येक विंगमध्ये एक तरी रूम अशी असायची, जिथे स्पीकरचा व्हूफर कॉटखाली ठेवलेला असायचा आणि पिंक फ्लॉइड वाजायचं. गॅदरिंगच्या रात्री सगळं संपल्यावर, घसे बसलेले असताना, शेवटचं गाणं ठरलेलं : 'अनदर ब्रिक इन द वॉल', दुसरा भाग. मुठी वर आणि तोंड रेक्टरच्या क्वार्टरकडे. शिक्षण नको म्हणणारं गाणं, तेही ओरल चार दिवसांवर असताना! आता त्या क्वार्टरच्या बाजूला मी राहतो, आणि यंदाच्या गॅदरिंगलाही तेच ऐकलं. दचकलो नाही, उलट बरं वाटलं. पण एक गोष्ट वीसेक वर्षं घशात अडकली आहे ती आता सांगून टाकतो. हा अल्बम मास्तरांविरुद्ध आहे अशी आपली समजूत आहे. मास्तर त्यातली एक वीट आहे फक्त. अल्बम आहे तो भिंत बांधणाऱ्याबद्दल, म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला तो हळूहळू काय होत जातो त्याबद्दल.

ज्यांनी 'द वॉल' नुसता ऐकून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. नोव्हेंबर १९७९ मध्ये निघाला. दोन रेकॉर्डी, २६ गाणी, साधारण ८० मिनिटं. बँड पिंक फ्लॉइड असला तरी कल्पना एकट्या रॉजर वॉटर्सची. वॉटर्सचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत अँझिओ इथे फेब्रुवारी १९४४ मध्ये मारले गेले, तेव्हा हा पाच महिन्यांचा होता. अल्बममधला नायक पिंक हाही असाच बापाविना वाढलेला. बाप नाही ही पहिली वीट. शाळा ही दुसरी. आई, लग्न, प्रसिद्धी, औषधं, सगळ्या विटाच. पिंक स्वतःभोवती भिंत चढवत जातो आणि अर्धा अल्बम संपता संपता शेवटची वीट बसते. १९८०–८१ च्या कार्यक्रमांत हे अक्षरशः करून दाखवायचे. गाणी चालू असताना कामगार स्टेजवर पुठ्ठ्याच्या विटा रचत जायचे, आणि मध्यंतरापर्यंत ४० फूट उंच भिंत प्रेक्षक आणि बँड यांच्या मध्ये उभी. इतका खर्चिक प्रकार की कार्यक्रम चारच शहरांत झाला. (सिव्हिलवाल्यांनो, आपल्याकडे वीट म्हटली की पंढरपूर आठवतं. तिथला देव विटेवर उभा आहे, विटांच्या आड नाही. असो.)

हे सगळं सुचलं कसं, ते ऐका. ६ जुलै १९७७, मॉन्ट्रियलचं ऑलिम्पिक स्टेडियम. दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम. फटाके फुटताहेत, आरडाओरडा चाललाय, गाणं कोणी ऐकत नाही. पुढे आलेल्या एका पोरावर वॉटर्स स्टेजवरून थुंकला. कोणावर? तर पदरचे पैसे मोडून त्यालाच ऐकायला आलेल्या पोरावर. नंतर त्याला स्वतःचीच किळस आली आणि तिथून 'द वॉल'ची सुरुवात झाली. म्हणजे या अल्बमचा उगम 'मला कोणी काय केलं' यात नाही. 'मी काय केलं' यात आहे. मॉन्ट्रियलची ही हकीकत आम्हाला हॉस्टेलमध्ये कोणी सांगितली नव्हती.

आमच्याकडे अल्बम आला तोही मोडक्या अवस्थेत. आमच्या विंगने वर्गणी काढून एक स्विच घेतला, व्हरांड्याच्या ग्रिलवरून केबल ओढल्या आणि लॅन टाकलं. एका हिरोने कुठून तरी सीडी मिळवून 'द वॉल' रिप केला. ट्रॅक नंबर काढून टाकले, कारण त्याला फोल्डर 'क्लीन' दिसायला हवं होतं. झालं, गाणी अक्षरानुसार लागली. 'अनदर ब्रिक'चे तिन्ही भाग एकामागून एक आणि सगळ्यात वर. साहजिकच आम्ही तेवढंच ऐकायचो. मूळ अल्बममध्ये त्या प्रसिद्ध गाण्याला खेटून आधी एक छोटं गाणं आहे, 'द हॅपिएस्ट डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'. त्यात पोरांच्या दुखऱ्या जागा हुडकून त्यांवर बोट ठेवणारे मास्तर येतात, आणि लगेच पुढे कळतं की हेच मास्तर रात्री घरी बायकोचा मार खातात. घरून वर्गात, वर्गातून पोरात, पोरातून पुढे. सगळी गोम त्या दोन मिनिटांत आहे. आमच्या फोल्डरमध्ये ते 'टी'त जाऊन पडलं. कोणी ऐकलंच नाही.

दुसरा घोटाळा जास्त गमतीचा. अल्बममध्ये 'इन द फ्लेश' नावाची दोन गाणी आहेत. अगदी पहिलं गाणं 'इन द फ्लेश' पुढे प्रश्नचिन्ह, आणि शेवटाकडे २१ वं गाणं 'इन द फ्लेश', प्रश्नचिन्हाशिवाय. आता विंडोजमध्ये फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, हे कॉम्प्युटरवाल्यांना सांगायला नको. नंबर नाहीत, प्रश्नचिन्ह गेलं, दोन्ही नावं सारखी. दुसरी सीडी रिप करताना सॉफ्टवेअरने विचारलं असणार, या नावाची फाईल आहे, बदलू का? आमच्या हिरोने 'येस' दाबलं. पहिलं गाणं गेलं. लॅनवर गाणी २५. दोन वर्षं हॉस्टेलभर तोच अल्बम फिरला, आणि सुरुवातच नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता गाणी जरा बाजूला ठेवतो.

२००१ च्या ऑगस्टमध्ये मी एफईला इथे आलो. पहिल्या रात्रीच 'इंट्रो'. ज्यांना माहीत नाही अशा स्टाफसाठी : इंट्रो म्हणजे नाव, गाव, बारावीचे मार्क, वडील काय करतात, हे दहा वेळा, दहा वेगळ्या प्रकारे सांगायचं. सीनियरला 'सर' म्हणायचं. नजर वर करायची नाही, स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवायची. 'थर्ड बटण!' अशी आरोळी आली की मान खाली. मला काड्यापेटीतल्या काडीने व्हरांडा मोजायला लावला. पहाटे तीन वाजले. आकडा अजून आठवतो, सांगणार नाही. मोजून झाल्यावर एसईचा एक जण पाठीवर थाप मारून म्हणाला, 'आमच्या वेळी याच्या दुप्पट होतं, नशीब समज.'

आणि मी समजलो ना! नशीबच समजलो. यातली खरी कमाल हीच आहे. पुढच्या वर्षी मी एसईला गेलो आणि मला इंट्रो घ्यायचा हक्क मिळाला. हक्कच वाटला तो, अगदी भरलेल्या डिपॉझिटसारखा. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून होता, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. नोटीस बोर्डावर ती नोटीस लावलेली होती. तिच्याच खाली उभं राहून आम्ही पोरं निवडायचो.

मराठवाड्यातल्या एका गावचा एक मुलगा होता. नाव सांगत नाही. मोबाईल सर्रास यायच्या आधीचे दिवस, घरून अजून पत्रं यायची. रूमवर गेलो तर त्याच्या उशीखाली निळं आंतर्देशीय पत्र. वडिलांचं. मी ते उघडलं आणि मोठ्याने वाचलं. नुसतं वाचलं नाही, त्यांच्या बोलीची नक्कल करत वाचलं, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवत वाचलं. बियाण्याचं काही होतं, म्हशीचं होतं, आणि 'पैसे पुढच्या आठवड्यात पाठवतो, तोवर कोणाकडून घे' असं होतं. रूममधली सात-आठ पोरं पोट धरून हसली. तो तिसऱ्या बटणाकडे बघत उभा. वाचून झाल्यावर मी पत्राची घडी घालून त्याच्या खिशात ठेवली आणि म्हणालो, 'आमच्या वेळी याच्या दुप्पट होतं, नशीब समज.'

मार नाही, कपडे काढायला लावले नाहीत, शिवी नाही. कमिटीपुढे ही केस उभी राहिली असती तर 'किरकोळ' म्हणून समज देऊन सोडलं असतं. मीही तेच म्हणायचो, की आपण तर सभ्य रॅगिंग करतो.

२००३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. मी टीईला. बादली घेऊन आंघोळीला निघालो होतो. एका रूममधून इंट्रोचा आवाज. दार अर्धवट उघडं. आत तोच, आता एसईचा, कॉटवर पाय पसरून बसलेला. समोर एक नवीन पोरगं मान खाली घालून. आणि हा म्हणतोय, 'आमच्या वेळी याच्या दुप्पट होतं...' पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मला त्या क्षणी काय वाटलं असेल? लाज? छे. मला अभिमान वाटला. 'पोरगा तयार झाला' असं वाटलं. बादली वाजवत, हसत पुढे गेलो.

त्या दिवाळीला पीएल होती आणि मी ठाण्याला मावशीकडे अभ्यासाला गेलो होतो. मावसभावाकडे 'द वॉल'चा खरा सेट होता, काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून घेतलेला. (ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. तिथे फुकट ऐकत उभं राहण्याची मजा तुम्हाला कळायची नाही.) एका रात्री अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून हेडफोन लावून पहिल्यापासून ऐकायला बसलो. आणि पहिलंच गाणं अनोळखी! म्हणजे संगीत ओळखीचं, लॅनवरच्या 'इन द फ्लेश'चंच, पण बोल वेगळे. इथे पिंक नुसता गायक आहे, समोरच्या लोकांना जरा खिजवतो, एवढंच. मग विमान कोसळल्याचा आवाज आणि लहान बाळाचं रडणं. तिथून शाळा, आई, लग्न, भिंत. आणि तासाभराने तेच दणदणीत संगीत पुन्हा येतं. तीच धून, तोच माणूस. पण आता तो हुकूमशहा झालेला आहे आणि समोरच्या गर्दीतून माणसं वेचून काढतोय : कोणाचा धर्म, कोणाचा रंग, कोणाच्या तोंडावरचे पुटकुळेसुद्धा त्याला चालत नाहीत. सगळ्यांना भिंतीला उभं करा म्हणतोय. मधल्या तासाभरात त्याच्यावर जे जे झालं ते ऐकून आपण त्याच्या बाजूचे झालेलो असतो. आणि तो नेमका तिथे आपल्याला आणून सोडतो.

आधी प्रश्नचिन्ह होतं. नंतर नाही.

हे गाणं मी दोन वर्षं ऐकत होतो, फक्त सुरुवात ठाऊक नव्हती. त्यामुळे हा माणूस आधी कोण होता ते कळायला मार्ग नव्हता. हेडफोन काढले. मावशीच्या किचनमध्ये जाऊन उभ्याने दोन ग्लास पाणी प्यायलो. ते निळं पत्र आठवत होतं. नंतर कधीतरी या अल्बमवरचा ॲलन पार्करचा १९८२ चा सिनेमा पाहिला. त्यात मास्तर वर्गात पिंकची कवितेची वही हिसकावून मोठ्याने वाचतो आणि सगळा वर्ग हसतो, असा प्रसंग आहे. ज्या मास्तराविरुद्ध मी गॅदरिंगला मूठ वर करून बोंबललो होतो, त्याचं काम मी त्याच्यापेक्षा चांगलं केलं होतं.

अल्बमची आणखी एक गंमत आहे. शेवटच्या गाण्याच्या अखेरीस एक वाक्य अर्धवट तुटतं, आणि त्याचा उरलेला अर्धा तुकडा पहिल्या गाण्याच्या आधी, एका हलक्या सुरावटीमागे ऐकू येतो. शेवट सुरुवातीला जोडलेला. आमच्या व्हरांड्यातलंही वाक्य असंच फिरत होतं. त्याचा तर मी हिशोबच मांडला होता. कॉलेज १९८३ चं. २००३ पर्यंत वीस बॅचेस. प्रत्येक बॅचच्या वेळी पुढच्यापेक्षा दुप्पट असेल, तर पहिल्या बॅचचं रॅगिंग २००३ च्या बॅचच्या दोनाच्या विसाव्या घाताइतकं, म्हणजे १०,४८,५७६ पट. आणि पहिल्या बॅचला तर सीनियरच नव्हते!

आता भक्तांची माफी मागून थोडं उलटं बोलतो. 'द वॉल' मला थोर वाटतो, पण निर्दोष नाही. दुसरी रेकॉर्ड मध्येच ढेपाळते. आई आणि बायको या दोघींना वॉटर्सने निव्वळ विटा करून टाकलंय, त्यांची बाजू ऐकायला त्याला सवड नाही. आणि भिंतींवर अल्बम करता करता त्याने स्वतःच्याच बँडमधल्या कीबोर्ड वाजवणाऱ्या रिचर्ड राइटला बाहेर काढलं. मग तोच राइट कार्यक्रमात पगारी वादक म्हणून वाजवायला आला. कार्यक्रम तोट्यात गेल्यामुळे चौघांत पैसे फक्त पगारी माणसालाच सुटले, हा भाग वेगळा. पण मला सगळ्यात खटकतं ते शेवटी. पिंकच्या डोक्यात खटला चालतो, शिक्षा होते ती अशी की भिंत पाडा आणि याला सगळ्यांसमोर उघडा करा. भिंत पडते. पिंकची सुटका होते. पण ज्यांना त्याने भिंतीला उभं केलं होतं त्यांचं काय झालं? त्यांच्या नावाने २६ मध्ये एकही गाणं नाही. पश्चात्ताप करणाऱ्याची गोष्ट ऐकायला छान लागते, म्हणून आपण तिथेच टाळ्या वाजवून उठतो. हा माझा लेखही त्याच जातीचा आहे, हे मला कळतंय.

म्हणून मुद्द्यावर येतो. मी आता अँटी रॅगिंग कमिटीवर आहे. २००९ च्या यूजीसीच्या नियमांनंतर चित्र खूप बदललं, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रतिज्ञापत्रं आली, हेल्पलाइन आली, फर्स्ट इयरचं हॉस्टेल वेगळं झालं. काडीने व्हरांडा आता कोणी मोजत नाही. पण इंट्रो गेलेला नाही, तो मोबाईलवर गेला. रात्री एकला ग्रुप कॉल, कॅमेरा चालू, नजर खाली. गेल्या वर्षी आमच्यापुढे जो एसईचा मुलगा आरोपी म्हणून बसला होता, तो त्याच्या आदल्या वर्षी काय सोसत होता ते फाईलमध्ये कुठेच नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं. तो बोलला नव्हता.

आम्ही दरवर्षी एफईच्या पोरांना हॉलमध्ये बसवून सांगतो, घाबरू नका, तक्रार करा. चांगलं आहे, चालू ठेवा. पण माझं म्हणणं असं की त्याच्या महिनाभर आधी, परीक्षा संपून पोरं घरी जायच्या आत, जे आता एसईला जाणार आहेत त्यांना बोलवा. दोन-दोन, तीन-तीन जणांना, हॉलमध्ये नाही, चहाला. विचारा, तुमच्यावर काय झालं? लिहून घ्या. कारण त्या महिन्याभरात ते ठरवत असतात की हे आता पुढे द्यायचं की इथेच ठेवायचं. प्रश्नचिन्ह शिल्लक असतं ते तेव्हाच.

हे मी स्टाफ मीटिंगमध्ये मांडलं तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, 'म्हणजे उद्या रॅगिंग करणाऱ्याला आधीच गोंजारायचं का?' प्रश्न योग्य आहे. उत्तर, नाही. ज्याने केलं त्याला शिक्षा व्हावी, पूर्ण व्हावी, आणि 'माझ्यावरही झालं होतं' ही सबब एका दिवसाचीही सूट देणारी नसावी. मला त्या वेळी सस्पेंड केलं असतं तर ते बरोबरच झालं असतं. पण सस्पेंड करून त्या मुलाने नंतर जे केलं ते थांबलं असतं का? त्याला तोवर कोणी विचारलंच नसतं तर नसतं थांबलं. आणि रॅगिंगने पोरं धीट होतात, ओळखी होतात, असं ज्यांना अजून वाटतं त्यांना एवढंच सांगतो : ओळखी मेसमध्ये पण होतात. धीटपणाचं म्हणाल, तर मला फोन करायला वीस वर्षं लागली.

फोन म्हणजे त्या मुलाला. लेख लिहायला घेतला, निम्मा झाला, आणि वाटलं की त्याला न विचारता हे छापणं म्हणजे पुन्हा त्याचं पत्र वाचणं. बॅचच्या ग्रुपवरून नंबर मिळवला. तो आता एका पाटबंधारे प्रकल्पावर आहे. नाव सांगितल्याबरोबर ओळखलं, 'बोला सर' म्हणाला. 'सर' ऐकून पुढचं बोलणं सुचेना. मग सगळं सांगितलं, माफी मागितली. तो बराच वेळ गप्प. वडील २०१४ मध्ये गेले म्हणाला. ते पत्र अजून आहे म्हणाला. 'छापा, पण गावाचं नाव नको.' माफ केलं असं काही म्हणाला नाही, मीही विचारलं नाही.

फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, 'सर, मी त्या दिवशी ज्याचा इंट्रो घेत होतो ना, त्याचा नंबर आहे का तुमच्याकडे?'

माझ्याकडे नाही. चेहराही नीट आठवत नाही, त्याची मान खाली होती. २००३ साली एफईला, बहुतेक पहिल्या मजल्यावर. कोणाला माहीत असेल तर मला कळवा. मी दुपारी तीननंतर केबिनमध्ये असतो.